दोन कागदांवरचा मंगळ: टॉलेमी नेमका कुठे बरोबर होता

प्रश्न असा आहे: "पृथ्वी मध्यभागी धरणारं टॉलेमीचं मॉडेल चुकत गेलं, म्हणून वर्तुळांवर वर्तुळं चढवत गेले. पसारा फार वाढला तेव्हा कोपर्निकसने सूर्य मध्यभागी ठेवून तो साफ केला, असं आम्हाला शिकवलं. हे कितपत खरं? ॲरिस्टार्कसने सूर्य मध्यभागी असल्याचं अठराशे वर्षं आधीच सांगितलं होतं, तर कोणी ऐकलं का नाही? आणि आपल्याकडचे ज्योतिर्विद काय मानत होते?"

वर्तुळांवर वर्तुळं चढत गेल्याची गोष्ट खरी नाही. टॉलेमीने मंगळासाठी जी रचना लिहून ठेवली, जवळजवळ तीच चौदाशे वर्षांनंतरही युरोपात शिकवली जात होती. आणि कोपर्निकसच्या ग्रंथातली लहान वर्तुळं टॉलेमीपेक्षा कमी नाहीत. मग बदललं काय, हे समजायला एकटा मंगळ पुरतो, म्हणून मी त्याच्यावरूनच सांगतो.

तीस वर्षांहून जास्त काळ मी आकाशनिरीक्षणाचे वर्ग घेतोय. नव्या मुलांना पहिलं काम देतो ते असं: ताऱ्यांच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर लावा, दर चार-पाच दिवसांनी नुसत्या डोळ्यांनी मंगळ बघा, शेजारच्या ताऱ्यांवरून त्याची जागा ठरवा, ठिपका काढा आणि बाजूला तारीख लिहा. २०२४च्या हिवाळ्यात हे केलं तेव्हा मंगळ कर्क राशीत, पुष्य नक्षत्राजवळ होता. पूर्वेकडे सरकणारे ठिपके हळूहळू दाटीने पडू लागले, ६-७ डिसेंबरच्या सुमारास जागच्या जागी राहिले आणि मग उलटे, पश्चिमेकडे निघाले. जानेवारीत मंगळ मिथुनेत पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांजवळून गेला आणि २४ फेब्रुवारीच्या आसपास पुन्हा थबकून मार्गी झाला. वक्री चाल एकूण ८० दिवसांची आणि सुमारे १९ अंशांची भरली.

त्याआधीचा २०१८चा कागदही माझ्याकडे आहे. ती प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता मंगळ सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येतो ती वेळ) २७ जुलैची, म्हणजे ऐन पावसाळ्यातली. कागदावर ठिपके थोडे आणि मोकळ्या जागा जास्त, त्या आम्ही पंचांगातली स्थानं घेऊन भरल्या. त्या वेळची वक्री चाल ६२ दिवसांची, जेमतेम साडेदहा अंशांची. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मुलं गप्प होतात. ग्रह तोच, चालीची तऱ्हा तीच, आणि एक फेरा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट!

ग्रहमालेचं कुठलंही मॉडेल घ्या, त्याला या दोन कागदांचं उत्तर द्यावंच लागतं. मंगळ उलटा का चालतो, हा झाला सोपा प्रश्न. त्याचे फेरे लहानमोठे का आणि ते राशिचक्रावर सारख्या अंतराने का पडत नाहीत, हा खरा अवघड प्रश्न.

बाबिलोनच्या लोकांनी तो चित्राविना सोडवला होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींवरून त्यांना माहीत होतं की ७९ वर्षांनी मंगळाची चाल जवळपास त्याच तारखांना, त्याच ताऱ्यांजवळ पुन्हा होते. आकड्यांच्या कोष्टकांवर त्यांचं भागत होतं. आकाशात हे कसं घडत असेल याचं भूमितीतलं चित्र ग्रीकांना हवं होतं. इ.स.पू. चौथ्या शतकात युडॉक्ससने पृथ्वीभोवती एकात एक बसवलेल्या २७ गोलांची रचना मांडली, ॲरिस्टॉटलने गोलांची संख्या ५५वर नेली. पण सगळे गोल पृथ्वीकेंद्री असले तर ग्रहाचं आपल्यापासूनचं अंतर कधीच बदलणार नाही. प्रतियुतीच्या रात्री निखाऱ्यासारखा दिसणारा मंगळ वर्षभराने शोधावा लागतो, याचं उत्तर त्या गोलांकडे नव्हतं.

पुढची पायरी अपोलोनियस या ग्रीक गणितीची, इ.स.पू. २००च्या सुमाराची. ग्रह एका लहान वर्तुळावर फिरतो आणि त्या लहान वर्तुळाचं केंद्र पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावर फिरतं. आतल्या बाजूला आला की ग्रह उलटा चालतो आणि तेव्हाच तो आपल्या सर्वांत जवळ, म्हणून सर्वांत तेजस्वीही असतो. उलटी चाल आणि तेज, दोन्ही एकाच कल्पनेतून निघतात. मात्र एवढ्यावर मंगळाचे सगळे फेरे अगदी सारखे निघतील.

टॉलेमीचं मोठेपण इथून सुरू होतं. इ.स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने १३ भागांचा ग्रंथ लिहिला, जो पुढे 'अल्माजेस्ट' या अरबी वळणाच्या नावाने ओळखला गेला. त्यात तो मंगळाचं मोठं वर्तुळ ६० भाग त्रिज्येचं धरतो आणि पृथ्वी त्याच्या केंद्रापासून बाजूला सरकवतो. आता किती सरकवायची? फेऱ्यांमधली अंतरं जुळवायची तर १२ भाग लागतात. फेऱ्यांची लांबी-रुंदी जुळवायची तर ६ भाग. एकच पृथ्वी दोन ठिकाणी कशी ठेवणार? टॉलेमीने तोडगा काढला तो असा: पृथ्वी केंद्रापासून ६ भागांवर ठेवायची आणि केंद्राच्या पलीकडे, तितक्याच अंतरावर एक बिंदू घ्यायचा. लहान वर्तुळाची चाल एकसारखी दिसेल ती केंद्रावरून नाही, पृथ्वीवरूनही नाही, तर त्या रिकाम्या बिंदूवरून. या बिंदूला इक्वंट म्हणतात. माझे दोन्ही कागद या रचनेत चांगल्यापैकी बसतात. नुसत्या डोळ्यांनी आणि पितळी कड्यांनी मोजणाऱ्या माणसाने हे साधलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणखी एक गोष्ट बघा. टॉलेमीच्या मंगळाच्या लहान वर्तुळाची त्रिज्या साडेएकोणचाळीस भाग आहे. तिला ६०ने भागलं की ०.६५८ येतात. पृथ्वीच्या कक्षेचं मंगळाच्या कक्षेशी आजचं गुणोत्तर ०.६५६ आहे. त्या लहान वर्तुळात तो पृथ्वीची कक्षाच मोजत होता. मंगळ, गुरू, शनी या तिघांच्या लहान वर्तुळांची त्रिज्या नेहमी सूर्याच्या मध्यम, म्हणजे सरासरी गतीने काढलेल्या, दिशेला समांतर राहते, हेही त्याच्या रचनेत आहे. तिन्ही ग्रह सूर्याशी असे का बांधलेले, याचं कारण मात्र तिथे नाही.

आपल्याकडच्या गणितातही नेमका हाच दुवा आहे. आर्यभटापासून (इ.स. ४९९) ग्रहाच्या सरासरी जागेला दोन संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, देतात: ग्रहाच्या स्वतःच्या कमीजास्त गतीसाठी मंद आणि उलट्या चालीसाठी शीघ्र. शीघ्र संस्कार ज्या दिशेवरून ठरतो ते मंगळाचं शीघ्रोच्च म्हणजे मध्यम सूर्यच. सूर्यसिद्धांतात मंगळाचा शीघ्र परिधी, म्हणजे लहान वर्तुळाचा घेर, ३६० अंशांच्या कक्षेला २३२ ते २३५ अंश दिला आहे, म्हणजे गुणोत्तर ०.६४ ते ०.६५. अलेक्झांड्रियातल्या आकड्याच्या शेजारी ठेवून पाहा. पृथ्वी मध्यभागी हे आर्यभटालाही मान्य होतं, पण ती स्वतःभोवती फिरते असं तो स्पष्ट म्हणतो. प्रवाहाबरोबर नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा दृष्टान्त त्याचाच. नंतरच्या बहुतेक ज्योतिर्विदांनी तो मानला नाही.

या परंपरेतलं सर्वांत मोठं पाऊल केरळात पडलं. १५००च्या सुमारास नीलकंठ सोमयाजींनी 'तंत्रसंग्रह' लिहिला. बुध-शुक्रांचा मंद संस्कार तोवर मध्यम सूर्याला देत असत. तो त्या ग्रहांच्या स्वतःच्या गतीला द्यायला हवा, हे त्यांनी दुरुस्त केलं. आणि त्यांनी उभं केलेलं चित्र असं: पाचही ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती. युरोपात टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाने असंच चित्र १५८८मध्ये प्रसिद्ध केलं. महाराष्ट्रातलं काम वेगळ्या अंगाचं होतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचलं, त्यात ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) टाळून ग्रहगणित इतकं सोपं केलं की आपल्याकडची पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावरूनच निघत राहिली. "आपल्याकडे हे सगळं आधीच माहीत होतं" असं कोणी म्हटलं की मी सांगतो, सूर्यकेंद्री मॉडेल इथे नव्हतं. जे होतं ते अस्सल आणि अवघड काम आहे, त्याला उसन्या श्रेयाची गरज नाही.

आता टॉलेमीच्या त्या रिकाम्या बिंदूकडे परत जाऊ. तो सर्वांना खटकत होता. आकाशातली गती वर्तुळाकार आणि आपल्या केंद्राभोवती एकसारखी असायला हवी, हे तत्त्व सर्वमान्य होतं आणि इक्वंट ते सरळ मोडत होता. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने टॉलेमीवरच्या शंकांचा एक ग्रंथच लिहिला. १२५९मध्ये इराणात मराघा इथे वेधशाळा उभी राहिली. तिथल्या नसीरुद्दीन तुसीने एकात एक फिरणाऱ्या दोन वर्तुळांतून सरळ रेषेतली ये-जा काढून दाखवली. चौदाव्या शतकात दमास्कसच्या मशिदीत वेळ मोजण्याचं काम करणाऱ्या इब्न अल-शातिरने इक्वंट पूर्ण काढून टाकला आणि त्या जागी छोटी वर्तुळं घातली. कोपर्निकसची चंद्राची रचना गणिताच्या दृष्टीने इब्न अल-शातिरचीच आहे आणि ग्रहांसाठीही त्याने हीच युक्ती वापरली. म्हणजे तुमच्या शाळेतल्या गोष्टीतली ती 'वाढीव वर्तुळं' आली, पण अचूकता वाढवायला नव्हे, तर तत्त्व सांभाळायला. ती घालणाऱ्यांत स्वतः कोपर्निकसही होता.

मग कोपर्निकसने दिलं काय? १५४३च्या त्याच्या ग्रंथामुळे ग्रहांच्या जागा फारशा जास्त अचूक निघाल्या नाहीत. मंगळाची जागा त्याच्या पद्धतीवरून काढलेल्या कोष्टकांतही कधीकधी ४-५ अंशांनी चुकायची. पण टॉलेमीच्या मॉडेलमध्ये प्रत्येक ग्रह सुटा असतो. मंगळाची मोठी-लहान वर्तुळं दुप्पट केली तरी आकाशात काहीच बदलत नाही. सूर्य मध्यभागी ठेवला की मंगळ, गुरू, शनीची लहान वर्तुळं आणि बुध-शुक्रांची मोठी वर्तुळं एकाच गोष्टीची, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याची, सावली ठरतात आणि सगळी अंतरं एकमेकांत अडकतात. पृथ्वीचं अंतर १ धरा, शुक्र ०.७२, मंगळ १.५२, गुरू ५.२ आपोआप येतात. ग्रहमालेचा आराखडा प्रमाणात काढणं तेव्हा पहिल्यांदा शक्य झालं. मंगळ नेमका प्रतियुतीलाच वक्री का, याचंही कारण मिळालं: पृथ्वी त्याला आतल्या बाजूने मागे टाकून पुढे जाते तेव्हा तो मागे पडताना दिसतो. एसटीतून जाताना शेजारची हळू गाडी मागे सरकल्यासारखी वाटते, तसंच.

ॲरिस्टार्कसचं उत्तर इथेच देतो. त्याची कल्पना आपल्याला मुख्यतः आर्किमिडीजच्या लेखनातून कळते. तिच्यावर नुसता धर्माचा राग नव्हता, आक्षेप मोजमापाचा होता. पृथ्वी एवढा मोठा फेरा घेत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. हात लांब करून अंगठा एकदा डाव्या आणि एकदा उजव्या डोळ्याने बघा, तो मागच्या भिंतीवर सरकतो, तसं. या सरकण्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. तारे सरकत नव्हते. टायको ब्राहेची उपकरणं एक-दोन कलांपर्यंत मोजायची आणि एक कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाचा तिसावा भाग. त्यालाही काही सापडलं नाही. एक कलेचाही पॅरॅलॅक्स नाही, याचा अर्थ तारे सूर्याच्या निदान ३,४०० पट दूर. एवढी रिकामी जागा त्याच्या मनाला पटेना, म्हणून त्याने पृथ्वी स्थिर ठेवली. तर्क निर्दोष होता, अंतराचा अंदाज तोकडा पडला. तो पॅरॅलॅक्स जर्मन ज्योतिर्विद बेसेलला १८३८मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा मिळाला: एक तृतीयांश विकलेच्या आसपास, म्हणजे कलेच्या जवळपास दोनशेवा भाग. तोवर पृथ्वी फिरते हे सगळ्यांनी इतर कारणांनी मान्यही केलं होतं.

टायको सोळा वर्षांचा असताना, १५६३मध्ये, त्याने गुरू-शनीची युती पाहिली. जुनी कोष्टकं महिनाभराने चुकली होती आणि कोपर्निकसच्या पद्धतीची नवी कोष्टकं काही दिवसांनी. आधी मोजमाप सुधारलं पाहिजे, हा ध्यास त्याने तेव्हापासून घेतला. डेन्मार्कजवळच्या ह्वेन बेटावर वीस वर्षं त्याने रात्रीमागून रात्री ग्रहांच्या जागा नोंदवल्या. १६००मध्ये केप्लर हा जर्मन गणिती त्याच्याकडे आला आणि वाट्याला काम आलं मंगळाचं.

केप्लरने काय केलं, हे मला सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचं वाटतं. त्याने कोपर्निकसचा सूर्य ठेवला आणि कोपर्निकसने हाकलून दिलेला टॉलेमीचा रिकामा बिंदू परत आणला. चार प्रतियुत्यांच्या नोंदी घेऊन, सत्तरेक वेळा सगळं गणित नव्याने करत, त्याने अशी रचना बसवली की मंगळाची दिशा प्रतियुतीला दोन कलांच्या आत बरोबर येई. मग अंतरं तपासली तर ती जुळेनात. अंतरांसाठी टॉलेमीसारखं वर्तुळाचं केंद्र सूर्य आणि रिकामा बिंदू यांच्या मधोमध ठेवावं, तर काही ठिकाणी दिशा ८ कलांनी चुकते. आठ कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाचा जेमतेम चौथा हिस्सा. टॉलेमीने एवढ्याकडे दुर्लक्ष केलं असतं आणि ते योग्यही होतं, कारण त्याची उपकरणं १० कलांपर्यंतच विश्वासाची होती. केप्लरने लिहिलं की टायकोसारखा निरीक्षक आपल्याला लाभला आहे, तेव्हा या आठ कला सोडून चालणार नाही. आणि त्या सगळ्या कामावर त्याने पाणी सोडलं.

मग आधी पृथ्वीची कक्षा मोजायची ठरवलं. युक्ती अशी: मंगळ ६८७ दिवसांनी आपल्या कक्षेत पुन्हा त्याच जागी येतो. पृथ्वीला तेव्हा दोन वर्षं पुरी व्हायला साडेत्रेचाळीस दिवस बाकी असतात, म्हणजे ती दर वेळी वेगळ्या जागी असते. दर ६८७ दिवसांच्या नोंदी निवडल्या की मंगळ रस्त्यावरच्या दिव्यासारखा स्थिर होतो आणि पृथ्वीच्या जागा त्रिकोणांनी काढता येतात. निघालं असं की पृथ्वीही एकसारख्या गतीने चालत नाही. तिलाही तो रिकामा बिंदू लागतो.

मंगळाची कक्षा वर्तुळापेक्षा बाजूंनी आत दबलेली निघाली. किती? वर्गात मी १० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला लावतो. त्या मापात सूर्य केंद्रापासून ९ मिलिमीटरांहून जास्त बाजूला येतो, पण कक्षेचा दबलेपणा अर्धा मिलिमीटरही भरत नाही. टोक केलेल्या पेन्सिलची रेघ साधारण तेवढीच जाड असते. क्रमिक पुस्तकांतली ती अंड्यासारखी चपटी लंबवर्तुळं पाहून मुलांच्या मनात फार चुकीचं चित्र बसतं. केप्लर या रेघेएवढ्या फटीशी झगडत होता. त्रिज्या १ धरली तर दबलेपणाचा आकडा त्याला ०.००४२९ मिळाला होता. आणि एके दिवशी दुसऱ्याच कामात त्याच्या लक्षात आलं की ५ अंश १८ कलांचा सेकंट (त्रिकोणमितीतलं एक गुणोत्तर) १.००४२९ येतो, आणि ५ अंश १८ कला म्हणजे मंगळावरून सूर्य आणि केंद्र यांत दिसणारा जास्तीत जास्त कोन. झोपेतून जागं होऊन नवा प्रकाश पाहिल्यासारखं वाटलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. यातूनच पुढे लंबवर्तुळ आणि त्याच्या एका नाभीत (केंद्राच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर असणाऱ्या दोन बिंदूंपैकी एकात) सूर्य, हे १६०९मध्ये छापलं गेलं.

दुसऱ्या नाभीत काहीच नाही. पण थोड्या दबलेल्या लंबवर्तुळात त्या रिकाम्या नाभीवरून ग्रह पाहिला तर तो जवळजवळ एकसारख्या गतीने फिरताना दिसतो. टॉलेमीचा इक्वंट तो हाच. त्याच्या मंगळासाठी केंद्रापासूनचं अंतर ६०त ६, म्हणजे ०.१००, आणि आजचा आकडा ०.०९३. चौदाशे वर्षं ज्याला सगळे डाग समजत होते, तो त्या रचनेतला सर्वांत खरा भाग होता. म्हणून टॉलेमीला अडाणी ठरवणारं काही ऐकलं की मला वाईट वाटतं.

गॅलिलिओचं नाव इथवर घेतलं नाही, कारण मंगळाच्या गणितात त्याचा हात नाही. १६१०मध्ये त्याला दुर्बिणीतून शुक्राचे चंद्रकोरीपासून पूर्ण बिंबापर्यंतचे सगळे आकार दिसले आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे नक्की झालं. टॉलेमीचं चित्र त्याने मोडलं, टायकोचं किंवा नीलकंठांचं मात्र नाही, कारण त्यांतही शुक्र सूर्याभोवतीच फिरतो. खरा निकाल कोष्टकांनी लावला. केप्लरची कोष्टकं १६२७ची. त्यांवरून त्याने ७ नोव्हेंबर १६३१ला बुध सूर्यबिंबावरून जाईल असं सांगून ठेवलं. त्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदी या फ्रेंच ज्योतिर्विदाने ते अधिक्रमण पाहिलं. बाकीची कोष्टकं अंशांनी चुकली होती, केप्लरची काही कलांनी. केप्लर त्याआधी वर्षभर, १६३०मध्ये वारला होता.

तुम्हाला हे स्वतः करून पाहायचं असेल तर पुढची संधी चांगली आहे. १९ फेब्रुवारी २०२७ला मंगळाची प्रतियुती आहे, सिंह राशीत मघेच्या ताऱ्याजवळ, आणि त्या दिवसांत आपल्याकडे आकाश स्वच्छ असतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळ वक्री होईल आणि एप्रिलच्या सुरुवातीला मार्गी. ठिपके नोव्हेंबर २०२६पासूनच काढायला लागा, नाहीतर वळणाआधीची सरळ चाल हुकते. मंगळ तेव्हा मध्यरात्रीनंतर वर आलेला असतो, त्यामुळे पहाटे उठायची तयारी ठेवा. मघा आणि उत्तरा फाल्गुनीचे तारे मापाला घ्या, हात लांब करून मुठीची रुंदी साधारण १० अंश धरा, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी मंगळाचं तेज मघेच्या ताऱ्यापेक्षा जास्त की कमी हेही लिहा. हा फेरा मोठ्यांपैकी असेल. कागद जपून ठेवा, २०३३ आणि २०३५चे फेरे लहान असणार आहेत.